शेतकऱ्याचा धीर आणि मजुराची मजुरी

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : याकोबाचे पत्र, अध्याय ५, वचने १ ते ११



पाठ वाचायला घेण्याआधी एक विनंती आहे. पवित्र शास्त्र उघडा आणि याकोबाचा पाचवा अध्याय सातव्या वचनापासून नव्हे, तर पहिल्या वचनापासून वाचा. धीर हा विषय निघाला की आपण बहुधा सातव्या वचनाला हात घालतो. आजाऱ्याच्या घरी, मर्तिकानंतरच्या सांत्वनाच्या प्रार्थनेत, नोकरी गेलेल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून आपण तेच वचन काढतो. शेतकरी पावसाची वाट पाहतो, तसा तुम्हीही धीर धरा. वचन खरे आहे आणि गोडही आहे. पण मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात 'म्हणून' या अर्थाचा शब्द आहे, आणि ज्या वाक्यात 'म्हणून' आहे ते मागचे वाक्य सोडून वाचायचे नसते.

मागे काय आहे? पहिल्या सहा वचनांत याकोब श्रीमंतांना झाडतो. तुमच्या शेतांची कापणी ज्यांनी केली, त्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली आहे आणि ती मजुरीच ओरडते आहे, असे तो म्हणतो. कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. आधी हे सांगून झाले आणि मग तो त्या मजुरांकडे व त्यांच्यासारख्या बंधूंकडे वळून 'म्हणून धीर धरा' असे म्हणतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ज्याने मजुरी बुडवली त्याला काही न सांगता, ज्याची बुडाली त्यालाच तेवढा धीर शिकवायचा, हे याकोबाने केलेले नाही. आपणही ते करू नये.

आता धीर या शब्दाकडे येऊ. या अकरा वचनांत याकोबाने दोन वेगवेगळे ग्रीक शब्द वापरले आहेत. शेतकऱ्याविषयी बोलताना तो 'मॅक्रोथुमिया' हा शब्द घेतो. त्याचा अर्थ राग लवकर येऊ न देणारे, लांब दमाचे मन. हा धीर बहुतेक वेळा माणसांच्या बाबतीत लागतो. ईयोबाविषयी बोलताना तो 'हुपोमोने' म्हणतो. ओझ्याखाली टिकून राहणे, पाय न काढणे, असा त्याचा अर्थ. हा धीर परिस्थितीच्या बाबतीत लागतो. मराठीत आपण दोन्हीला धीर किंवा सहनशीलता म्हणून मोकळे होतो, पण रोजच्या जगण्यात हे दोन धीर वेगळे असतात. एखादा माणूस मोठे दुखणे न कुरकुरता सोसतो आणि घरातल्यांवर मात क्षणाक्षणाला खेकसतो. दुसऱ्याचे उलटे असते.

शेतकऱ्याचे उदाहरण आपल्याकडे फार लवकर उरकले जाते. याकोबाच्या देशात आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येई, त्यावर पेरणी होई. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये, त्यावर कणीस भरे. दोन्हींच्या मध्ये महिने जात. पण या महिन्यांत शेतकरी ओसरीवर हात बांधून बसलेला नसतो. आपल्या मावळातला भातशेतकरी पाहा. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागण्याआधी बांध नीट करायचे, रोप टाकायचे, मग चिखलणी, मग पावसात वाकून लावणी, मग बेणणी. एवढे करूनही भात पोटरीत असताना पाऊस हवा तर हवाच आणि तो काही त्याच्या हातात नाही. जे हातात आहे ते सगळे करायचे आणि जे हातात नाही त्यासाठी वर पाहायचे. याकोबाने शेतकरी निवडला तो यासाठी, असे मला वाटते. नुसती वाट पाहणाराच हवा असता तर त्याने दुसरा कोणी निवडला असता.

पहिल्या धीराचा अर्थ मला पुस्तकातून कळण्याआधी एका माणसाकडे पाहून कळला. आम्ही तेव्हा कासारवाडीत रेल्वेलाइनीजवळ भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी ज्या कारखान्यात टर्नर होतो, तो एका सकाळी बंद झाला. पहिल्या पाळीला गेलो तर फाटकाला कुलूप आणि शेजारी चिकटवलेला कागद. तीन महिन्यांचा पगार, रजेचा पगार, बोनस आणि वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने होणारी ग्रॅच्युइटी, सगळे अडकले. पैसे हातात पडले ते नवव्या वर्षी. या पट्ट्यातल्या वाचकांना हे काही नवे नाही. दापोडीपासून आकुर्डीपर्यंत अशी कहाणी नसलेली गल्ली सापडणे कठीण आहे. घर चालले ते पत्नीने सुरू केलेल्या डब्यांवर आणि मी मिळेल त्या वर्कशॉपमध्ये केलेल्या रोजंदारीवर.

आमच्या स्टोअरमध्ये एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वारकरी माणूस, कपाळाला गंध, दरवर्षी आषाढीची वारी. तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्याने पुण्याकडे जाते, तेव्हा ते कासारवाडीपासून तिच्यात मिसळत. कारखाना बंद झाल्यावर मामांनी एक लांब वही केली. प्रत्येक कामगाराला एक पान. त्याचे येणे किती, कागद कोणते दिले, कोणते राहिले, घरचा पत्ता, वारस कोण. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते नाशिक फाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसत. तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता, मेट्रो तर नव्हतीच. जे येतील त्यांना पुढची तारीख सांगत, जे येणार नाहीत त्यांच्या घरी सायकलने जात.

पहिली दोन वर्षे टपरीवर गर्दी असे. मग ती ओसरली. त्यानंतर लोक मामांवरच घसरू लागले. मालकाने तुम्हाला गप्प केले आहे, वकिलाशी तुमचे साटेलोटे आहे, असे कोणी तोंडावर बोलले. एकाने भर टपरीवर शिवी दिली. त्या माणसाच्या एका अर्जावर सही राहिली होती. दुसऱ्या दिवशी मामा सायकल काढून त्याच्या घरी सही घ्यायला गेले. मी विचारले, "मामा, तुम्हाला राग नाही आला?" ते म्हणाले, "आला की. पण त्याचं पान कोरं ठेवून कसं चालेल?" पुढे काही जण वारले, तेव्हा त्यांच्या बायकांना घेऊन वारसाचे कागद करायलाही मामाच गेले.

मॅक्रोथुमियाची याहून चांगली व्याख्या मला आजवर कोणत्या टीकाग्रंथात मिळालेली नाही. राग आला तरी पान कोरे ठेवायचे नाही. आणि हे ज्याच्याकडून मी शिकलो, तो माझ्या मंडळीतला नव्हता. यात अवघडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. प्रभूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोन्याचे उदाहरण घेतले होते.

त्या नऊ वर्षांत आमच्याकडे येऊन धीर देणारे पुष्कळ होते. त्यांतले दोन प्रकार लक्षात राहिले. एक, सोफ्यावर बसून वचन सांगून जाणारे. दुसरा, मंडळीतले एक कुटुंब. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते येत, डब्यांसाठी पाच किलो तांदूळ ठेवत, आणि पुढची तारीख कधी आहे हे विचारून ती आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहून घेत. उपदेश त्यांनी कधी केला नाही. पण तारीख लिहून घेतल्यामुळे त्या दिवशी कोणीतरी प्रार्थना करते आहे हे आम्हाला ठाऊक असे.

मराठी मंडळीच्या इतिहासात या दोन्ही धीरांची ठळक उदाहरणे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन बहुतेकांनी 'स्मृतिचित्रे'मधून वाचले असेल. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह मागे राहिल्या. पुढे बरीच वर्षे पतिपत्नी दुरावलेली होती. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळकांचा स्वभाव उतावळा, देणे अफाट, घरात उद्याचे पीठ आहे की नाही याची फिकीर नाही. अशा माणसाबरोबर संसार करताना त्या रागावल्या, भांडल्या, हसल्या आणि राहिल्या. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांनी अर्धवट टाकलेले 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेऊन पुरे केले. शाळेत कधी न गेलेल्या बाईने हे केले, एवढे आठवले तरी पुरे.

दुसऱ्या धीरासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. भावाबरोबर पायी देश तुडवला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. हातात तान्ही मनोरमा. अशा बाईने आयुष्यभर आपले दुःख कवटाळले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींतूनच केडगावचे मुक्ती सदन भरले. उपास काय असतो हे ज्या बाईने स्वतः भोगले होते, तिला त्या मुलींचे चेहरे लगेच ओळखू आले असणार. आयुष्याच्या उत्तरार्धात, कानांनी नीट ऐकू येत नसताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. हुपोमोने म्हणजे पाय न काढणे, ते हे.

ईयोबाविषयी थोडक्यात. ईयोब मुकाट बसला असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचावा. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालतो, उत्तर मागतो. तरी शेवटी देव म्हणतो की ईयोब माझ्याविषयी जे बोलला ते ठीक बोलला, तुम्ही मित्र मात्र नाही. मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. याकोब धीराचे उदाहरण म्हणून दहाव्या वचनात संदेष्ट्यांची नावे घेतो, हेही पाहण्यासारखे आहे. संदेष्टे काही गप्प बसणारे लोक नव्हते.

हे सगळे आपल्या कामाला कुठे लागते, ते आता सांगतो.

कासारवाडीहून दोन वाटा फुटतात. एक लोहमार्गाने तळेगाव, कामशेत, मळवलीकडे मावळात जाते. दुसरी नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकणमार्गे खेड तालुक्यात. दोन्ही वाटांच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याला, कातकरी आणि ठाकर वस्त्या आहेत. महाराष्ट्रात जे तीन आदिवासी समाज सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदले आहेत, त्यांत कातकरी आहेत. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा केव्हाच गेला. बहुतेकांना शेतजमीन नाही, कित्येकांची झोपडीसुद्धा दुसऱ्याच्या जमिनीवर आहे. पावसाळा संपला, लावणी-कापणीची मजुरी संपली की हाताला काम नसते. नेमका त्याच वेळी मुकादम उचल घेऊन वस्तीवर येतो. दिवाळी उचलीवर होते आणि दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते.

भट्टीवर हिशेब हजारी असतो. नवराबायको मध्यरात्रीनंतर उठतात, माती कालवतात, साच्यात विटा पाडतात. दर आठवड्याला खर्ची मिळते, ती नावावर लिहिली जाते. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटा विरघळल्या, तर नुकसान बहुधा पाडणाऱ्याच्याच अंगावर. पुरा हिशेब मे महिन्यात, भट्टी बंद होताना. त्या वेळी वही मुकादमाची, वाचणाराही तोच. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर यायचे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे, पण वहीतल्या आकड्याने माणूस बांधला जातो, तो असा.

एका मे महिन्यात आपल्या कार्यकर्त्या ताईंबरोबर मी इंद्रायणीकाठच्या एका भट्टीवर गेलो होतो. खेडकडच्या वस्तीतली एक कातकरी मावशी हिशेबासाठी थांबली होती. भट्टीवरच्या झोपड्या कच्च्या विटा रचून केलेल्या असतात, वर प्लास्टिक किंवा पत्रा. हंगाम संपला की त्या भिंती पाडून तीही वीट भाजायला घेतात. या बाईने भिंत पाडू दिली नव्हती. कारण आतल्या बाजूला तिने कोळशाने रेघा मारल्या होत्या. हजार पुरे झाले की एक रेघ. अक्षरओळख नाही, पण दहा रेघांनंतर एक आडवी रेघ मारून तिने गट केले होते.

मुकादमाच्या वहीत एकशे दोन हजार होते. भिंतीवर एकशे अठरा. मुकादम म्हणाला, मालक आल्यावर बघू, धीर धर. ती म्हणाली, "मालक येऊ दे. भिंत हितंच हाय." दोन दिवस बोलणी चालली. ताई दोन्ही दिवस तिच्याशेजारी मातीत बसून होत्या, बोलल्या फार थोडे. अखेर एकशे तेरावर तोडगा निघाला. उचल फिटली आणि हातात थोडे पैसे आले. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पाच हजार विटा कुठे गेल्या हे तिला आणि देवाला ठाऊक.

परत येताना मी तिला म्हणालो, "मावशी, तुमचा धीर मोठा." ती हसली. "दादा, धीर व्हता म्हनूनच रेघा मारल्या. न्हाईतर कोन मोजत बसलं असतं?"

मामांची वही आणि मावशीची भिंत यांत मला फरक दिसत नाही. दोघांनीही वाट पाहिली, पण हिशेब सोडला नाही. याकोबाच्या पत्रात मजुरी ओरडते ती याच अर्थाने. हिशेब कुठेतरी लिहिलेला आहे आणि तो सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, म्हणूनच सातव्या वचनातला धीर पोकळ होत नाही.

आता आपण जे मदत करणारे आहोत, त्यांच्याविषयी. दर वर्षी एखाद्या पत्रातून किंवा उपासनेनंतरच्या गप्पांतून एक प्रश्न येतो. इतकी वर्षे आपण काम करतो, मुलांना शाळेत घालतो, तरी ही कुटुंबे पुन्हा भट्टीवर का जातात? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उत्तर असे की बदलायला लागणाऱ्या गोष्टी सावकाश बदलतात. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा रानोमाळ फिरत होते, शाळेत कधी गेले नाहीत, त्यांच्याकडे तो कुठून असणार? एका कुटुंबाचा दाखला निघायला कधीकधी वर्षे जातात. दाखला नाही म्हणून घरकुल नाही, शिष्यवृत्ती नाही. मूल पाचवीपर्यंत टिकते आणि मग आईबापांबरोबर भट्टीवर जाते, कारण मागे सांभाळायला कोणी नसते. पुढच्या वर्षी ताई पुन्हा त्याच घरी जातात. शेतकऱ्याचा लांब दम इथे आपल्याला लागतो, त्यांना शिकवण्यासाठी नाही.

मजुरीच्या बाबतीत मात्र पवित्र शास्त्रात थांबणे नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराचा दाम सूर्य मावळण्याआधी द्यावा असे सांगितले आहे. लेवीय एकोणिसाव्या अध्यायात तो रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे आहे. मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबाने हे आपल्या घरापुरते तपासून पाहावे. धुणीभांडी करणाऱ्या ताईचा पगार सात तारखेला की दहाला? तिने सुटी घेतली तर किती कापतो? घराचे बांधकाम काढले, तर विटा कोणत्या भट्टीवरच्या आणि त्या पाडणाऱ्याला काय मिळाले, हे कधी ठेकेदाराला विचारले का?

गटात हा पाठ घेणाऱ्यांनी ईयोबाचा एकतिसावा अध्यायही सोबत वाचावा. तिथे ईयोब आपल्या चाकरांच्या तक्रारीविषयी आणि जमिनीचा उपज दाम न देता खाण्याविषयी स्वतःची झडती घेतो. सोसणारा ईयोब आणि मजुरी देणारा ईयोब हा एकच माणूस आहे, यावर गटात बोलणे व्हावे. आपल्या आयुष्यात कोणाचे 'पान कोरे' राहिले आहे, हेही ज्याने त्याने मनाशी पाहावे. ते सगळ्यांसमोर सांगण्याची गरज नाही.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही या वर्षी वह्या तयार करत आहोत. एका पानावर एक आठवडा. तीन रकाने : विटा, खर्ची, आजारपणाचे दिवस. लिहिता न येणाऱ्यांसाठी चौकटी आहेत, हजार झाले की एका चौकटीत एक रेघ. ज्या भगिनींना वह्या शिवायला वेळ देता येईल, त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर ताईंना भेटावे. मुकादम दिवाळीच्या आधी वस्त्यांवर येऊ लागतात, वह्या त्याआधी पोहोचायला हव्यात.